सिंगापुरात चार रात्री एकटीने : लिटिल इंडियातलं छोटं हॉटेल आणि बाकी सगळं

आधी खिडकीचं सांगते, कारण ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझी पहिली रात्र बरी गेली असती. सिंगापुरात स्वस्त आणि मधल्या दराच्या हॉटेलांत बऱ्याच खोल्यांना खिडकीच नसते. पडदा असतो, पडदा सरकवला की मागे भिंत. बुकिंग करताना खोलीच्या नावापुढे बारीक अक्षरात 'नो विंडो' लिहिलेलं असतं आणि आपण फोटोतला पांढराशुभ्र बेड बघून पैसे भरून मोकळे होतो. मी तर खिडकीवाली खोली हवी असं लिहून विचारलं होतं, त्यांचं 'हो, नोंद केली आहे' असं ईमेलही आलं होतं, तरी हातात कार्ड पडलं ते बिनखिडकीच्या खोलीचं. काउंटरवरची मुलगी म्हणाली आज फुल आहे, उद्या बघू. मी दमलेली होते, वाद घातला नाही, आणि वर जाऊन तो पडदा सरकवला तेव्हा खरंच पोटात गोळा आला, कारण बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा एकटी परदेशात आलेली बाई आणि समोर भिंत.

आता थोडं माझ्याबद्दल, म्हणजे रिव्ह्यू कुणाच्या नजरेतून आहे ते कळेल. मी नाशिकची, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, थोरली नववीत आणि धाकटा तिसरीत. लग्नाआधी आईवडिलांबरोबर फिरले, लग्नानंतर नवरा-मुलांबरोबर, आणि एकटीने हॉटेलात राहण्याची वेळ कधी आलीच नव्हती, अगदी पुण्यातसुद्धा नाही. या वर्षी भिशी माझ्या नावाने निघाली, आम्ही बारा जणी दहा-दहा हजारांची लावतो, म्हणजे एक लाख वीस हजार. दरवेळी ते पैसे फ्रीज, क्लासची फी, गाडीचा इन्शुरन्स असे कुठेतरी जिरतात. या वेळी थोरलीच म्हणाली, आई तू जा गं कुठेतरी, तू एकटी. सासूबाईंनी आधी विचारलं एकटी म्हणजे कुणाबरोबर, मग दोन दिवसांनी स्वतःच म्हणाल्या की जाऊन ये, मुलांचं मी बघते, मला कुणी जा म्हटलं नव्हतं म्हणून मी गेले नाही. त्यांचं हे वाक्य मी कधी विसरणार नाही.

सिंगापूर का, तर मुंबईहून साडेपाच तासांत थेट विमान, इंग्रजी चालतं, मेट्रो सगळीकडे जाते आणि रात्री बाई एकटी रस्त्याने चालली तर कुणी मान वळवून बघत नाही असं दोन मैत्रिणींनी सांगितलं होतं. तसंच निघालं. व्हिसा आपल्याला लागतो, तो सिंगापूरच्या दूतावासाने नेमलेल्या एजंटकडून ऑनलाइन होतो, आणि तिथे पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड नावाचा फॉर्म भरायचा असतो, तो फुकट असतो, त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइटच्या नादी लागू नका. पासपोर्टवर शिक्का मिळत नाही, किती दिवस राहू शकता ते ईमेलवर येतं. मला मात्र तो शिक्का हवा होता, पहिलाच माझा एकटीचा. औषधांचंही बघून घ्या, कोडीनवालं खोकल्याचं सिरप, झोपेच्या गोळ्या असलं काही नेत असाल तर तिथे आधी परवानगी काढावी लागते.

चांगी विमानतळावरून लिटिल इंडियाला यायला टॅक्सी घेऊ नका, गरजच नाही. विमानतळाच्या स्टेशनवरून पुढचंच स्टेशन एक्स्पो, तिथे उतरून निळी डाउनटाउन लाइन पकडली की बसल्या बसल्या लिटिल इंडिया. स्टेशनं बरीच आहेत, पाऊण तासाच्या आसपास लागतो, पण मधे काही बदलायचं नाही आणि सामान घेऊन जिने चढायचे नाहीत, सगळीकडे लिफ्ट. तिकीटही काढायचं नाही, आपलं टॅप होणारं व्हिसा किंवा मास्टरकार्ड गेटला लावायचं, उतरताना परत लावायचं. परदेशी कार्डाला थोडा सर्व्हिस चार्ज लागतो पण रांगेत उभं राहण्यापेक्षा परवडलं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल आणि काँटॅक्टलेस हे दोन्ही इथूनच चालू करून जा, तिथे गेल्यावर ओटीपी येत नाही म्हणून रडायची वेळ नको.

हॉटेलचं नाव मी लिहीत नाही. त्या पट्ट्यात, म्हणजे लिटिल इंडिया आणि फेरर पार्क या दोन स्टेशनांच्या मधे, जुन्या शॉपहाउसमध्ये केलेली अशी बरीच छोटी हॉटेलं आहेत आणि मी जे सांगतेय ते बहुतेक सगळ्यांना लागू पडेल. शॉपहाउस म्हणजे खाली दुकान वर घर अशी रांगेतली जुनी अरुंद घरं, पुढे सलग छत असलेला पादचारी रस्ता, त्याला तिथे फाइव्ह फूट वे म्हणतात. पाऊस आला तरी या छताखालून माणूस कोरडा चालत जातो. आणि पाऊस येतोच, आपल्याकडे आभाळ भरून यायला वेळ लागतो तसं नाही, पाच मिनिटांत धो धो.

दराचं नीट समजून घ्या. साइटवर मला रात्रीचे ११८ सिंगापूर डॉलर दिसले, त्यापुढे दोन अधिकची चिन्हं होती. त्या दोन चिन्हांचा अर्थ दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या सगळ्यावर ९ टक्के जीएसटी, म्हणजे प्रत्यक्षात एकशे साडेएक्केचाळीस. माझ्या कार्डाला डॉलर ६८ रुपयांना पडला, म्हणजे एका रात्रीचे साडेनऊ हजारांच्या वर. हॉटेलातली जेवणंसुद्धा अशीच असतात, मेनूवर ती दोन चिन्हं दिसली की मनातल्या मनात पाचवा हिस्सा वाढवायचा. शिवाय चेक-इनला त्यांनी कार्डावर शंभर डॉलरचा डिपॉझिट अडकवून ठेवला, तो घरी आल्यावर अकराव्या दिवशी सुटला, दोन फोन आणि तीन ईमेल झाल्यावर. हे मला अजिबात आवडलं नाही. तुमच्या कार्डाची लिमिट कमी असेल तर हा हिशोब आधी धरून चला.

खोली लहान. बेड आणि भिंत यांच्या मधे सुटकेस आडवी उघडता येत नाही, बेडवर ठेवूनच उघडावी लागते. पण स्वच्छता, तिथे मी पैकीच्या पैकी देईन, आणि मी रोज हातमोजे घालून काम करणारी बाई आहे, माझी नजर आधी नळाच्या बुडाशी आणि शॉवरच्या जाळीकडे जाते. टाइल्सच्या फटी पांढऱ्या, कमोडच्या मागची बाजू पुसलेली, उशीच्या खोळीला कुणाच्या तेलाचा वास नाही. टॉवेल जुने होते, कडा विरलेल्या, पण उकळून धुतलेले. इलेक्ट्रिक किटली होती, दोन कप होते, प्रत्येक मजल्यावर पाण्याचा डिस्पेन्सर होता, तसं तिथलं नळाचं पाणी प्यायला चालतंच. प्लग तिथे चौकोनी तीन पिनांचा लागतो, आपला बसत नाही, अ‍ॅडॉप्टर मी घरीच विसरले होते, काउंटरवर मागितला तर लगेच दिला, पैसे नाही घेतले. लिफ्टला कार्ड लावल्याशिवाय ती वर जात नाही. लिफ्टमध्ये ड्युरियन आणू नका असं चित्र, फणसासारखं काटेरी फळ आणि त्यावर लाल रेघ. त्या फळाचा वास एकदा टेक्का मार्केटजवळ आला तेव्हा त्या चित्राचं कारण कळलं.

आता त्या पहिल्या रात्रीचं. पावणेबारा वाजले होते, घरी सव्वानऊ, नुकतंच मुलांशी बोलून झालं होतं. धाकट्याला त्याचा कंपास सापडत नव्हता, मी सिंगापुरातून त्याला सांगितलं की टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये डावीकडे बघ, आणि तिथेच होता. फोन ठेवला, दिवा घालवला, आणि दाराला कुणीतरी कार्ड लावलं. टीं टीं टीं असा आवाज. परत टीं टीं टीं. मग हँडल खाली-वर. मी कडी आणि साखळी दोन्ही लावली होती पण त्या क्षणी ते काही आठवत नाही, खिडकी नसलेल्या खोलीत दार एवढंच बाहेर जायचं ठिकाण आणि त्याच दाराशी कुणीतरी उभं. हात थरथरत होते. बेडशेजारचा फोन उचलून शून्य दाबलं, इंग्रजीत काय बोलले ते मला आता सांगता येणार नाही, बहुतेक फक्त खोलीचा नंबर आणि 'प्लीज कम'.

दोन मिनिटांत बाहेर आवाज आले. एक शांत, एक चढलेला. मग शांतता. मग दारावर दोनदा हलकी टकटक आणि तो शांत आवाज म्हणाला, मॅडम, दार उघडू नका, मी रिसेप्शनचा, मी खाली जाऊन तुम्हाला फोन करतो. आणि खरंच खाली गेल्यावर फोन केला. वरच्या मजल्यावरचा पाहुणा होता, मजला चुकला होता, माझ्या खोलीच्या डोक्यावर बरोब्बर त्याची खोली. त्यांनी मला विचारलं, चहा पाठवू का, दारासमोर ठेवून जाईन, मी गेल्यावर घ्या.

दार उघडू नका. हे तीन शब्द त्या माणसाला सुचले याचं मला फार मोल वाटलं. दुसरा कुणी असता तर मॅडम ओपन म्हणाला असता, मी धीर करून उघडलं असतं आणि समोरचा खरंच रिसेप्शनचा आहे की नाही हे उघडल्यावरच कळलं असतं. साठीच्या पुढचे मलय गृहस्थ, रात्रपाळीला असायचे. तिथे वयाने मोठ्या माणसाला अंकल म्हणतात, टॅक्सीवाल्यापासून कॉफीवाल्यापर्यंत, आपण काका म्हणतो तसंच, त्यामुळे मीही अंकल म्हणू लागले. पुढच्या तीन रात्री मी बाहेरून आले की ते काउंटरवरून फक्त मान हलवायचे, कुठे गेला होता, एवढा उशीर का, एकट्याच का, एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली जाऊन नीट सांगितलं की ईमेल हे आहे, रात्री हे झालं, मला खिडकी पाहिजे. आवाज चढवला नाही पण काउंटरवरून हललेही नाही. मॅनेजरने आधी रात्रीचे वीस डॉलर जास्त पडतील म्हणून सांगितलं. त्यांच्याच ईमेलनंतर वर पैसे मागणं बरोबर नाही असं माझं आजही मत आहे, पण पुढच्या तीन रात्रींसाठी मी ते दिले, कारण मला त्या भिंतीसमोर परत झोपायचं नव्हतं. हे सगळे मिळून साधारण चार हजार रुपये. चौथ्या मजल्यावर लिफ्टजवळची खोली, मागच्या गल्लीकडे खिडकी. खाली एका हॉटेलची मागची बाजू, सकाळी सहाला एक माणूस प्लास्टिकच्या क्रेटवर बसून कांदे सोलायचा, त्याच्या पायाशी रेडिओवर तमिळ गाणी. बाहेर तेव्हा अंधारच असतो, तिथे सातच्या सुमारास उजाडतं. मी किटलीत पाणी ठेवायची, घरून नेलेली चहा पावडर आणि दूध पावडर, आणि तो कप घेऊन खिडकीत उभी राहायची. कुणाचा डबा नाही, रिक्षावाल्याचा हॉर्न नाही, गॅसवर काही उतू जात नाही. पहिल्या दिवशी मला तो वेळ खायला उठला, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी तोच अर्धा तास मी पुरवून पुरवून वापरला.

आणि एक गोष्ट, बेड मोठा होता, दोन माणसांचा, पण मी चारही दिवस अगदी कडेला उठले, धाकट्यासाठी जागा सोडून. आठ वर्षांची सवय आहे.

खाण्याचं. हॉटेलचा नाश्ता बुकिंगमध्ये घेऊ नका, अजिबात नको. खाली उतरलं की सेरंगून रोड, तिथे १९४७ पासून चालू असलेलं कोमला विलास आहे, शुद्ध शाकाहारी, डोसा आणि फिल्टर कॉफी. तिथे माझ्यासारख्या एकट्या बसलेल्या दोन-तीन बायका रोज दिसायच्या, ऑफिसला जाता जाता खाणाऱ्या, त्यामुळे एकटीने टेबल अडवल्याचा संकोच पहिल्याच दिवशी गेला. एक सकाळ काया टोस्टची ठेवा. काया म्हणजे नारळाचं दूध, अंडी, साखर आणि पांदानच्या पानाचा घट्ट जॅमसारखा प्रकार, तो टोस्टमध्ये थंड लोण्याच्या जाड कापासकट, बरोबर दोन अर्धकच्ची उकडलेली अंडी, त्यावर सोया सॉस आणि पांढरी मिरपूड. अंडं मला जरा जास्तच पातळ वाटलं पण टोस्ट मी दोनदा घेतला. चहाचं तिथलं गणित वेगळं, नुसतं 'तेह' म्हटलं की कंडेन्स्ड मिल्कचा गोड चहा येतो, 'तेह ओ' म्हणजे बिनदुधाचा, 'कोसोंग' म्हटलं की बिनसाखरेचा, आणि आपल्या माणसाने 'तेह हालिया' मागावा, आल्याचा चहा, वरून फेस, एक घोट घेतला आणि पावसाळ्यात आमच्या नाशिकच्या द्वारका चौकातल्या टपरीवर उभी असल्यासारखं वाटलं.

दुपारी-रात्री हॉकर सेंटर. एका छपराखाली पन्नास-शंभर छोटे स्टॉल, मधे टेबलं, ही तिथली जेवायची पद्धत युनेस्कोने २०२० मध्ये सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. टेक्का सेंटर हॉटेलपासून चालत, खाली मासळी-मटणाचा बाजार आणि तिथेच जेवणाचे स्टॉल. मी मासे खाते त्यामुळे मला अडचण आली नाही, पूर्ण शाकाहारी असाल तर विचारून घ्या, सूपमध्ये आणि मसाल्यात सुकी कोळंबी असते. टेबलावर टिश्यूचं पाकीट पडलेलं दिसलं तर ती जागा धरलेली असते, आपण एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो तसंच. एकट्या माणसाला हे फार उपयोगी, पाकीट ठेवायचं आणि निवांत रांगेत जायचं, मी पर्स मात्र कधी ठेवली नाही. जेवून झालं की ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, सक्तीच आहे, नाही ठेवला तर दंड होऊ शकतो. मेट्रोत खाणं-पिणं केलं तर ५०० डॉलरपर्यंत दंड, पाण्याची बाटलीसुद्धा तोंडाला लावू नका.

फिरण्याचं सगळं मी मुद्दाम त्या निळ्या लाइनवर बसवलं आणि एकटीने जाणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन. लिटिल इंडियाहून एका बाजूला तिसरं स्टेशन बोटॅनिक गार्डन्स, दुसऱ्या बाजूला चौथं बेफ्रंट. नकाशा उघडून रस्त्यात उभं राहायची वेळच येत नाही.

बोटॅनिक गार्डन हे माझ्यासाठी या ट्रिपमधलं सगळ्यात सुंदर ठिकाण. १८५९ ची बाग, २०१५ पासून जागतिक वारसा, आणि आत जायला पैसे नाहीत, फक्त ऑर्किडच्या भागाला तिकीट आहे. सकाळी सातला गेले तेव्हा म्हाताऱ्या बायकांचा गट हळूहळू हात हलवत ताई ची करत होता, एकीने मला खुणेने बोलावलं, मी अर्धा तास त्यांच्या मागे उभी राहून केलं. नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. पुढे एक प्रचंड टेंबुसूचं झाड आहे, त्याची एक फांदी जमिनीला समांतर लांब गेलेली, हेच झाड तिथल्या पाच डॉलरच्या नोटेवर छापलंय. मी पर्समधून नोट काढली आणि झाडासमोर धरली, फांदीचं वळण अगदी तेच. ती नोट मी खर्च केली नाही, धाकट्यासाठी आणली, त्याने ती कंपासपेटीत ठेवली आहे.

संध्याकाळी बेफ्रंटला उतरून गार्डन्स बाय द बे. तिथली ती उंच लोखंडी झाडं, पंचवीस ते पन्नास मीटर, त्यावर खऱ्या वेली चढवलेल्या, रोज पावणेआठला आणि पावणेनऊला दिव्यांचा आणि गाण्यांचा शो असतो, फुकट. लोक सरळ जमिनीवर आडवे होऊन बघतात. मी आधी बाकावर बसले, मग आजूबाजूला बघितलं आणि ओढणी अंथरून आडवी झाले. सार्वजनिक जागी, रात्री, एकटी, आकाशाकडे तोंड करून. असं मी शेवटचं कधी केलं होतं ते आठवलं नाही, गच्चीवर गाद्या घालायचो तेव्हा असेल.

एक जागा बहुतेक टूरवाले दाखवत नाहीत ती मुद्दाम लिहिते. मर्लायनच्या, म्हणजे सिंहाचं तोंड आणि माशाचं अंग असलेल्या पुतळ्याकडून पूल ओलांडून एस्प्लनेड पार्कमध्ये आलं की आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूण आहे. मूळ स्मारक १९४५ मध्ये बांधलं होतं, इंग्रज परत आले आणि त्यांनी ते पाडलं, त्या जागेची खूण म्हणून १९९५ मध्ये हा फलक बसवला. बाजूलाच पाडांगचं मैदान, १९४३ च्या जुलैमध्ये नेताजी तिथे सैन्यापुढे बोलले. आणि याच शहरात त्या वर्षी झाशीची राणी रेजिमेंट उभी राहिली, कॅप्टन लक्ष्मींच्या हाताखाली, त्यात मलायाच्या रबराच्या मळ्यांतल्या कितीतरी तमिळ मुली होत्या ज्यांनी भारत कधी डोळ्यांनी बघितला नव्हता. नाव मात्र आपल्या तांब्यांच्या मनूचं, मणिकर्णिकेचं. त्या मुली घरातून बाहेर पडताना त्यांच्या आयांना काय वाटलं असेल, हा विचार करत मी तिथे बराच वेळ उभी होते. फलकाजवळ दुसरं कुणी नव्हतं. थोरलीला व्हिडिओ कॉल लावला आणि तिला तो फलक दाखवून सगळं सांगितलं, ती म्हणाली इतिहासाच्या बाई हे सांगत नाहीत, तू सांग अजून.

रविवारी संध्याकाळी लिटिल इंडियात प्रचंड गर्दी असते हे माहीत असू द्या. तमिळ आणि बांगलादेशी कामगार आठवड्याच्या सुट्टीला तिथे येतात, रस्ते, गवत, कठडे, सगळीकडे पुरुषच पुरुष. बघून आधी मी हॉटेलकडे वळले होते. मग थांबून बघितलं तर जो तो फोनवर घरी बोलत होता, कुणी पोराला हसवत होता, कुणी पैसे पाठवायच्या रांगेत. मीही कठड्याला टेकून घरी फोन लावला. कुणीही त्रास दिला नाही, रस्ता मागितला तर बाजूला झाले. पण गर्दीचा त्रास होत असेल तर रविवारची संध्याकाळ दुसरीकडे काढा.

खरेदी मुस्तफा सेंटरला, हॉटेलपासून दहा मिनिटं, सगळं एका छताखाली, काया जॅमच्या बरण्या, टायगर बाम, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तेल. दोन तासांत उरका, आत माणूस हरवतो.

एकूण खर्च, विमान ३१ हजार, हॉटेल खिडकीचे धरून साडेबेचाळीस, व्हिसा साडेतीन, खाणं-फिरणं-तिकिटं साधारण अठरा हजार. म्हणजे लाखाच्या आत, खरेदी आणि नाशिक-मुंबईची गाडी सोडून. भिशीत बसलं. याहून स्वस्त हवं असेल तर कॅप्सूल हॉटेलं आहेत, बायकांसाठी वेगळ्या खोल्या असलेलीही मिळतात, पण माझ्या मते पहिल्यांदा एकटी जाणाऱ्या आईने स्वतःचं दार, स्वतःची कडी आणि स्वतःचं बाथरूम यासाठी पैसे खर्च करावेत, बाकी कशात वाचवावेत.

हॉटेलला पाचपैकी चार. एक तारा खिडकीचा आणि डिपॉझिटचा कापला. चार ठेवले त्यात दोन स्वच्छतेचे, एक जागेचा, आणि एक पूर्ण त्या रात्रपाळीच्या अंकलचा. शेवटच्या दिवशी विमान रात्रीचं होतं, चेक-आउट बाराला, बॅग त्यांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतली, पैसे नाहीत. निघताना अंकल नुकतेच ड्यूटीवर येत होते, त्यांना मी घरून नेलेल्या चिवड्याचं उरलेलं पाकीट दिलं, त्यांनी मांसाहारी काही नाही ना विचारून घेतलं, दोन्ही हातांनी घेतलं आणि बॅग फुटपाथच्या कडेपर्यंत ओढत आणली.

सासूबाईंचा पासपोर्ट आता करायला टाकलाय. त्या म्हणाल्या मलाही एकटीने नको पण तुझ्याबरोबर चालेल. त्यांच्यासाठी बुकिंग करताना मी चौथा मजला, लिफ्टजवळ, मागच्या गल्लीकडची खिडकी असं खोलीच्या नंबरासकट ईमेलवर लिहून घेणार आहे.